मनगटावरचे वळ आणि इन्चार्जची खुर्ची

वाचकाचं पत्र

मॅडम, सप्रेम नमस्कार.

मी २९ वर्षांची आहे. बी.एस्सी. नर्सिंग झाल्यापासून पाच वर्षं पुण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये आहे, त्यातली चार मानसोपचार वॉर्डात. आमच्या इन्चार्ज सिस्टर दिवाळीनंतर रिटायर होतायत. मेट्रन मॅडमनी मला बोलावून विचारलं, "वॉर्ड घेशील का?" मी म्हटलं, विचार करून सांगते. मला एम.एस्सी. करायचंय, तेही मेंटल हेल्थ नर्सिंगमध्येच. घरी दोन्ही नकोय. सासूबाई म्हणतात, वेड्यांच्या वॉर्डात किती वर्षं काढणार? मिस्टर म्हणतात, आयसीयूला बदली घे, पुढे परदेशी जाता येईल. मला स्वतःलाच खात्री नाही की मी वॉर्डातल्या चार ज्युनिअर मुलींना सांभाळू शकेन. मीटिंगमध्ये माझा आवाज फुटत नाही. माझ्यात लीडरशिप आहे का, हे कसं ओळखायचं?

(एक गोष्ट सांगून टाकते. गेल्या महिन्यात नाइटला एका रिक्षावाल्या काकांना बांधून ठेवलं. अठरा पेशंट, मी एकटी आणि एक मावशी. आरएमओंनी, म्हणजे हॉस्पिटलच्या निवासी डॉक्टरांनी, फोनवर सांगितलं, बांधा, सकाळी बघू. सकाळी सोडलं तेव्हा मनगटांवर वळ होते. मी रिपोर्टमध्ये 'पेशंट शांत' एवढंच लिहिलं.)

मला 'तू' म्हणूनच उत्तर द्या.

एक सिस्टर, धायरी

प्रिय सिस्टर,

'तू'च म्हणते. माझी तीस वर्षं आधी वॉर्डात आणि मग पाठ्यनिर्देशिका म्हणून तुझ्यासारख्या मुलींबरोबर गेली, त्यामुळे दुसरं काही तोंडात येतही नाही.

वॉर्ड घेऊ का, एम.एस्सी. करू का, घरच्यांना काय सांगू, असे तीन प्रश्न तू विचारलेस. आणि काकांची गोष्ट कंसात टाकलीस. मी त्या कंसापासून सुरुवात करते, कारण बाकीच्या तिन्ही प्रश्नांची वाट मला तिथूनच जाताना दिसते.

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा, २०१८ पासून लागू आहे. त्याचं कलम ९७ पुन्हा काढून वाच. परीक्षेसाठी वाचलं होतंस, आता त्या काकांना डोळ्यांसमोर ठेवून वाच. पेशंटला एकटं कोंडून ठेवणं साफ बंद आहे. बांधायचं ते फक्त तेव्हाच, जेव्हा त्याला स्वतःला किंवा दुसऱ्या कोणाला त्याच क्षणी इजा होणार आहे आणि ती टाळायचा दुसरा कोणताही मार्ग उरलेला नाही. त्यालाही उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांची मान्यता लागते. धोका टळला की सोडायचं. कसं बांधलं, का बांधलं, किती वेळ बांधलं, हे पेशंटच्या कागदांत लिहायचं. त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे त्याच्या वतीने बघायला नेमलेल्या माणसाला, चोवीस तासांच्या आत कळवायचं. बांधलेल्या माणसावर सतत देखरेख ठेवायची. आणि त्यातलं एक वाक्य मी मुलींना फळ्यावर लिहून द्यायची: केवळ माणसं कमी आहेत म्हणून कोणाला बांधता येणार नाही.

आता तुझी ती रात्र याच्याशेजारी ठेव. फोनवर सांगणारे आरएमओ काकांवर उपचार करणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. वेळ लिहिली गेली नाही. घरी कळवलं गेलं नाही. अठरा पेशंटला एक सिस्टर, हे कारण तर कायद्याने आधीच नाकारून ठेवलेलं आहे. चूक झाली, पण ती एकट्या तुझी नाही. ड्यूटी लिस्ट लावणाऱ्यांची आहे, फोन ठेवून झोपी गेलेल्यांची आहे, 'आपल्याकडे असंच चालतं' म्हणणाऱ्या सगळ्यांची आहे. 'पेशंट शांत' हे दोन शब्द मात्र तुझे आहेत. तू महिनाभर तेच घेऊन फिरतेयस, म्हणूनच ते कंसात का होईना, पण लिहिलेस.

एरवाडीचं नाव तू ऐकलं असशील. तमिळनाडूतल्या त्या गावी ६ ऑगस्ट २००१ ला मनोरुग्णांच्या एका निवाऱ्यात आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ जण मेले. त्यांना पळता आलं नाही. साखळीने बांधणं आज कुठल्याही रूपात बेकायदा आहे. तुमच्याकडे कापडी पट्ट्या असतील, आग लागली नसेल, तरी त्या रात्री काकांना धाप लागली असती, उलटी झाली असती, तर त्यांचं काय झालं असतं, हा विचार तुझ्याही मनात येऊन गेला असणार.

जुन्या नोंदीत खाडाखोड करू नकोस. आजच्या तारखेने घटनेचा वेगळा अहवाल लिही: किती वाजता बांधलं, कोणी सांगितलं, तेव्हा वॉर्डात किती पेशंट आणि किती माणसं होती, कधी सोडलं, मनगटांवर काय दिसलं. विशेषणं नकोत आणि दोषही कोणावर टाकू नकोस. तो घेऊन मेट्रन मॅडमकडे जा आणि काकांच्या डॉक्टरांनाही कळव. काकांचं नाव, नंबर स्वतःच्या घरच्या वहीत लिहून ठेवू नकोस, ते त्यांचं खासगी आहे. तुला भीती वाटेल, आणि ती खोटी नाही. पण ज्या मेट्रन तुला वॉर्ड देऊ बघतायत, त्यांना तू कशी आहेस हे खुर्चीत बसण्याआधी कळलेलं बरं. आणि त्या कशा आहेत, हे तुलाही त्याच दिवशी कळेल.

पुढच्या वेळेसाठी दोन गोष्टी. बांधावंच लागलं तर दर पंधरा मिनिटांनी जाऊन बघायचं. बोटांचा रंग बघायचा, हात गार पडलाय का, पट्टीखाली आपली दोन बोटं जातात का. पाणी विचारायचं, लघवीला विचारायचं. दोन तास व्हायच्या आत एकेक हात-पाय मोकळा करून हलवायला लावायचा. आणि हे सगळं वेळेसकट लिहायचं. आम्ही असंच शिकवत होतो.

दुसरी गोष्ट बांधण्याच्या आधीची आहे, आणि माझा खरा जीव तिथे आहे. माणूस रात्री साडेअकराला एकदम भडकत नाही. दहा वाजल्यापासून तो कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारत असतो, मुठी आवळत असतो, तोच प्रश्न चौथ्यांदा विचारत असतो. त्या दीड तासात कोणी त्याच्याजवळ जाऊन म्हटलं का, "काका, झोप येत नाहीये का? काय होतंय?" निदान दोन हात अंतर ठेवून, समोर न ठाकता जरा तिरकं उभं राहायचं, दाराकडची वाट त्यालाही आणि आपल्यालाही मोकळी ठेवायची. बोलायचं एकानेच. चार जणांनी चार बाजूंनी 'शांत व्हा, शांत व्हा' केलं की कोणीही बिथरेल. त्याला काहीतरी निवडायला द्यायचं: गोळी आत्ता घेता की चहा-बिस्किट खाऊन घेता? इथे बसू या की खिडकीपाशी? आणि स्वतःचा आवाज खाली आणायचा. तू लिहिलंयस ना, माझा आवाज फुटत नाही? मानसोपचार वॉर्डात मोठ्या आवाजाच्या सिस्टर मी भरपूर पाहिल्या. त्यांच्या पाळीला वॉर्ड जास्त पेटायचा.

हे तुला माहीत नव्हतं असं नाही. 'थेराप्युटिक कम्युनिकेशन'ची, म्हणजे पेशंटला बरं वाटेल अशा बोलण्याची, व्याख्या तुला पाठ होती, त्याची बारा तंत्रं दहा मार्कांसाठी लिहिली होतीस. मग त्या रात्री ती कुठे गेली? हा प्रश्न मी तुला नाही, स्वतःला विचारतेय, कारण तुला शिकवणाऱ्या माझ्यासारख्याच होत्या.

एक प्रसंग सांगते. इंटरपर्सनल प्रोसेस रेकॉर्डिंगची फाइल आठवते ना? पेशंट काय बोलला, मी काय बोलले, मला काय वाटलं, अशी तीन रकान्यांची. एका वर्षी फाइली तपासताना एक संवाद ओळखीचा वाटला. कपाटातली जुनी फाइल काढली. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या मुलीने लिहिलेला तोच संवाद, शब्द न् शब्द. तीन वर्षांच्या अंतराने दोन निरनिराळे पेशंट दोन निरनिराळ्या मुलींशी अगदी तेच बोलले होते! आधी मला राग आला. मग कळलं की मुलींना दोन आठवड्यांत केस स्टडी, केअर प्लॅन, मेंटल स्टेटस तपासणी, ड्रग बुक, असं सगळं पुरं करायला आम्हीच लावलं होतं. त्यात पेशंटशी बोलायला वेळ कुठे होता?

पुढच्या बॅचला मी नियम बदलला. फक्त पाच मिनिटांचं बोलणं लिहायचं. पण खरं. आणि चौथा रकाना वाढवला: मी काय बोलायला हवं होतं? त्या वर्षी आमचं पोस्टिंग मनोरुग्णालयात होतं. बायकांच्या वॉर्डातल्या एका आजींजवळ एक मुलगी तीन दिवस बसून आली. तिन्ही दिवसांच्या कागदांवर एकच ओळ: 'पेशंट काही बोलल्या नाहीत.' तिला वाटलं मी नापास करणार. चौथ्या दिवशी ती बसून उठली, तेव्हा आजींनी मान वर न करता विचारलं, "तुझी बस किती वाजता असते?" तीन दिवस त्या बघत होत्या की ही मुलगी कधी येते, कधी जाते, किती वेळ थांबते. त्या एका वाक्यावर मुलीने दोन पानं लिहिली. हिल्डगार्ड पेपलाउ यांनी १९५२ मध्ये नर्स आणि पेशंट यांच्या नात्याचे टप्पे मांडले, त्यातला पहिला टप्पा, एकमेकींना जोखण्याचा, त्या वर्गाला मला नंतर वेगळा शिकवावा लागला नाही.

आता खुर्चीकडे येऊ.

नर्सिंग मॅनेजमेंटच्या पेपरात लीडरशिपचे प्रकार असतात: लोकशाहीवादी, हुकूमशाही, मोकळं सोडणारा. तू स्वतःला त्यातल्या एकात बसवून बघत असशील. ते सोडून दे. मला विचारशील तर मानसोपचार वॉर्डातली इन्चार्ज दिवसातून तीन वेळा ओळखू येते, प्रत्येक पाळीच्या हँडओव्हरला, म्हणजे एक पाळी दुसरीला पेशंटची माहिती सोपवते तेव्हा. तुझ्या वॉर्डात हँडओव्हर कसा चालतो? 'बेड सात ठीक. बेड आठ त्रास देतो. बेड नऊ नाटकी आहे, लक्ष देऊ नका.' असंच ना?

'नाटकी' या शब्दाबद्दल मला तुला माझीच चूक सांगायचीय. मी तुझ्याहून लहान होते, दुसऱ्या एका गावातल्या हॉस्पिटलमध्ये. एप्रिल महिना, वॉर्डात उकाडा. लिथियमवर, म्हणजे मूड स्थिर ठेवणाऱ्या गोळ्यांवर, असलेला एक मुलगा दोन दिवस सारखा पाणी मागत होता, जुलाब होत होते, चहाचा कप तोंडाशी नेईपर्यंत अर्धा सांडायचा. आम्ही एकमेकींना हँडओव्हर दिला: 'हात थरथरवून दाखवतो, घरी सोडावं म्हणून नाटक.' मीही दिला, त्याच शब्दांत. तिसऱ्या दिवशी तो उभा राहिला आणि कोसळला. रक्तातलं लिथियम तपासलं तेव्हा ते धोक्याच्या रेषेच्या खूप वर गेलेलं होतं. उपचारात ते लिटरमागे साधारण ०.६ ते १.२ मिलिमोलच्या मध्ये ठेवतात, १.५ च्या पुढे विषबाधेची लक्षणं दिसू लागतात, आणि उन्हाळ्यात जुलाबांनी शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की ते झपाट्याने चढतं. हे सगळं मला पाठ होतं. मुलगा वाचला, पण त्याची चाल कायमची अडखळती राहिली. त्या दोन दिवसांत कोणीही एक सिस्टर 'नाटक' न लिहिता 'आज चार जुलाब, हाताला मोठा कंप, चालताना तोल जातो' एवढं लिहिती, तर डॉक्टरांनी गोळी थांबवली असती.

म्हणून इन्चार्ज झालीस तर पहिल्या महिन्यात एवढंच कर: हँडओव्हरमधून विशेषणं काढून टाक. त्रासदायक, हट्टी, अटेन्शन सीकिंग, मॅनिप्युलेटिव्ह, सगळी. त्या जागी जे दिसलं आणि ऐकलं ते. किती तास झोपला, किती खाल्लं, कोणाशी बोलला, काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत. चिडायच्या आधी काय घडलं होतं. मुली आधी कंटाळतील, मग म्हणतील, मॅडम, बेड आठ रोज संध्याकाळी सहालाच चिडतो, त्याच वेळी बाकीच्यांचे नातेवाईक येतात आणि त्याच्याकडे कोणी येत नाही. त्या दिवशी तुझा वॉर्ड शिकायला लागला असं समज. याला मी लीडरशिप म्हणते, आणि ती करायला मीटिंगमध्ये भाषण करावं लागत नाही.

मेट्रन मॅडमना होकार दे. पण होकाराबरोबर काही गोष्टी माग, आणि लेखी माग. नाइटला वॉर्डात दोन नोंदणीकृत सिस्टर. मानसोपचारात तयार झालेल्या मुलींना दर चार-सहा महिन्यांनी ऑर्थोला आणि सर्जिकलला फिरवणं बंद. निदान तिघी कायम. मानसोपचारतज्ज्ञांना रात्रीही फोन करायची मुभा आणि त्या फोनची नोंद ठेवायची वही. महिन्यातून एक तास सगळ्या पाळ्यांच्या मुली, ब्रदर, मावशी आणि सिक्युरिटीवाले यांचा एकत्र सराव, कारण रात्री हात पकडायला धावतात ते मावशी आणि सिक्युरिटीवालेच, आणि त्यांना कोणी कधी काही शिकवत नाही. पगाराचंही बोल, लाजू नकोस. यातलं निम्मं मिळालं तरी वॉर्ड घे. पहिली मागणीच नाकारली तर मात्र थांब आणि मला पुन्हा लिही. रात्री एकच सिस्टर ठेवून जबाबदारी तेवढी तुझ्या नावावर करायची, असा तो सौदा होईल.

आणि एम.एस्सी.? करच. यंदा नको, पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या वर्षी. तुला हे उलटं वाटेल, सगळे म्हणतात आधी शिक्षण, मग पद. पण मी बरेच प्रबंध तपासलेत. अमुक विषयावरच्या ज्ञानावर स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रॅमची परिणामकारकता. आधी प्रश्नपत्रिका, मग लेक्चर, मग तीच प्रश्नपत्रिका. मार्क वाढतात. वाढणारच! त्यानंतर वॉर्डात काही बदललं का, हे मोजायला कोणी परत जात नाही. हे त्या मुलींचं अपयश नाही. वॉर्डातला स्वतःचा प्रश्न हातात नसताना त्यांना विषय निवडायला सांगितलं जातं. तू वर्षभर वॉर्ड चालवून जाशील तेव्हा तुझ्याकडे तो प्रश्न असेल. उदाहरणार्थ, रात्री दोन सिस्टर ठेवल्यावर आणि सराव सुरू केल्यावर बांधण्याच्या घटना किती कमी झाल्या? त्यासाठी आजपासून नोंदी ठेव. तोच तुझा प्रबंध.

प्रवेशासाठी बी.एस्सी.ला ५५ टक्के आणि एक वर्षाचा अनुभव मागतात, अनुभव तुझ्याकडे कधीच झालाय. कोर्स दोन वर्षांचा. पाच शाखांपैकी मेंटल हेल्थ ही एक, आणि पुष्कळदा इतर शाखा मिळाल्या नाहीत म्हणून मुली इकडे येतात. तू ठरवून येशील, हा मोठा फरक आहे. कॉलेज निवडताना इमारत बघू नकोस. आधीच्या बॅचच्या मुलींना गाठून विचार: प्रत्यक्ष पेशंटजवळ आठवड्यातले किती दिवस जातात? गाइड मॅडम स्वतः वॉर्डात येतात का? पोस्टिंग एकाच ठिकाणी की मनोरुग्णालय, जनरल हॉस्पिटलचा वॉर्ड, व्यसनमुक्ती, लहान मुलांची ओपीडी आणि वस्तीतलं काम, असं सगळीकडे? दोन वर्षं काढणं घरामुळे जमणारच नसेल तर एका वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा आहे. बेंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत सायकियाट्रिक नर्सिंग १९५० च्या दशकापासून शिकवतात. पण धायरीचं घर सोडून तिकडे राहायचं, ते तुझं तू बघ.

तोवर पुण्यात शिकायला काय कमी आहे! राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक इथे येरवड्याला आहे, २,५४० खाटांचं. बाकीची ठाणे, नागपूर, रत्नागिरी. त्याच आवारात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथे परवानगी काढून दोन दिवस जाऊन बस. स्वतः व्यसनातून बाहेर आलेली माणसं तिथे नव्या पेशंटना सांभाळताना दिसतील. पेशंटला आपण किती कमी जबाबदारी देतो, ते तिथून परत आल्यावर तुला तुझ्या वॉर्डात खुपेल. स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनही पुण्यातलीच. त्यांच्यापैकी कोणा शुभार्थीच्या (आजारी माणसाला ते असं म्हणतात) आईला किंवा भावाला तुझ्या मुलींशी तासभर बोलायला बोलाव. ज्या कायद्याचं कलम मी तुला वर सांगितलं, त्याच्या मसुद्याला हातभार लावणारे डॉ. सौमित्र पाठारे याच शहरात, आयएलएस या कायदा शिकवणाऱ्या संस्थेच्या मानसिक आरोग्य कायदा आणि धोरण केंद्रात काम करतात. म्हणजे हे सगळं तुझ्यापासून एक-दोन बसच्या अंतरावर आहे.

आणि हो, त्याच कायद्यात तुझ्याबद्दलही लिहिलंय. जनरल नर्सिंगची किंवा सायकियाट्रिक नर्सिंगची पदवी किंवा पदविका आणि राज्याच्या परिषदेत नोंदणी, एवढं असेल तर कायदा तुला 'मानसिक आरोग्य परिचारिका' म्हणतो. म्हणजे आत्ताही तू ती आहेसच. आणि राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणावर एक जागा या क्षेत्रातला पंधरा वर्षांचा अनुभव असलेल्या परिचारिकेसाठी ठेवलेली आहे. सरकारी अधिकारी, मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ बसतात त्याच टेबलाशी. तुझी चार वर्षं झाली. अकरा राहिली. तेव्हा तू चाळिशीची असशील. मिस्टरांना हे सांग.

मिस्टरांचा परदेशाचा मुद्दा तर सोपा आहे. इंग्लंडच्या नर्सिंग नोंदणीत मेंटल हेल्थ ही स्वतंत्र शाखाच आहे. बाहेर जायचं तर आयसीयूच हवं, हे खरं नाही. जायचं की नाही ते दोघं मिळून ठरवा, पण न आवडणाऱ्या कामात तीन वर्षं घालवून नको.

सासूबाईंचं जरा सांभाळून घे. त्यांच्या पिढीने 'याला येरवड्याला पाठवा' हे वाक्य चेष्टेत हजारदा ऐकलंय, त्या एकट्या कशा बदलतील? वाद घालू नकोस. पेशंटची नावं न घेता कामावरच्या गोष्टी सांगत जा. आज एका आजींनी दहा दिवसांनी केस विंचरले. एका मुलाने आईला फोन लावून दे म्हटलं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी काही ना काही मानसिक आजार होता, आणि आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोक उपचारांविना होते. तुमच्या सोसायटीतही अशी घरं असणार. एक दिवस त्यांच्यापैकीच कोणी तुमच्या दाराशी येऊन हळूच विचारेल, "सूनबाई आहेत का हो घरात?" मी हे माझ्या सासूबाईंच्या बाबतीत पाहिलंय. त्यानंतर त्या मला नाइटचा डबा स्वतः भरून द्यायला लागल्या.

रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये याच पुण्यात सेवासदन सुरू केलं आणि तिथून मुलींना नर्सिंगच्या शिक्षणाला पाठवलं, तेव्हा नर्स होणं हेच बऱ्या घरात खपत नव्हतं. तेव्हाच्या सासूबाईही सहज मानल्या नसतील.

स्वतःच्या झोपेबद्दल तू काही लिहिलं नाहीस, पण एका रात्रीबद्दल महिन्याने कंसात लिहिणारी मुलगी नीट झोपत नसेल, असं मला वाटतं. त्या रात्रीबद्दल कोणाशी तरी पुरतं बोल. मेट्रन, एखादी जुनी मैत्रीण, किंवा समुपदेशक. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर पेशंटइतकाच सिस्टरसाठीही आहे, चोवीस तास, मराठीतही. इन्चार्ज झालीस की तुझ्या मुलींसाठी दर पंधरवड्याला अर्धा तास ठेव, जिथे त्या दिवसांत जे जड गेलं तेवढंच बोलायचं. त्यात चुका काढायच्या नाहीत, ड्यूटी लिस्टही आणायची नाही.

राहिले काका. डिस्चार्ज झाले असतील आणि गोळ्यांसाठी ओपीडीला येत असतील. त्यांची पुढची तारीख रजिस्टरमध्ये सापडेल. त्या दिवशी मॉर्निंग घे. लांबलचक माफी मागू नकोस, त्यांना अवघडल्यासारखं होईल. एवढंच म्हण, "काका, त्या रात्री तुम्हाला बांधून ठेवलं, मी परत बघायला आले नाही, ते चुकलं. मनगटं आता दुखत नाहीत ना?" आणि मग थांब, ते काय म्हणतात ते ऐकायला. ते चिडले तरी ऐकून घे. घरी जाऊन चार रकान्यांचा एक कागद काढ, आणि त्यांचं नाव न घालता ते पाच मिनिटांचं बोलणं लिहून मला पाठव.

तुझी,
मॅडम